चार घरांचा खेळगट

दोन वर्षांचं मूल जागं असेपर्यंत कामात असतं. डब्यातले चमचे बाहेर काढायचे, पुन्हा आत टाकायचे. तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचं. सोफ्यावरच्या उशा एकेक करून आतल्या खोलीत न्यायच्या. हाताला लागेल ते फेकून बघायचं. मोठ्यांच्या डोळ्यांना हा पसारा दिसतो. मूल मात्र त्यातून भराभर शिकत असतं: डब्यात किती मावतं, ओतलेलं पाणी कुठे जातं, जड वस्तू उचलताना तोल कसा सांभाळायचा, फेकलं की कशाचा आवाज होतो आणि कशाचा होत नाही. या वयाच्या मुलांसाठी उपक्रम शोधायचे असतील, तर ते आधी या पसाऱ्यात शोधावेत.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे एकत्र येऊन मुलांना घरीच शिकवू पाहणारे पालक. मूल दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला नर्सरीत घालायचं नाही, असं काही घरं ठरवतात. पण फ्लॅटमध्ये एकटं मूल आणि त्याच्यामागे धावणारा एकटा मोठा माणूस, ही स्थितीही कुणाच्या हिताची नसते. मग चार-पाच घरं मिळून खेळगट करतात: आज तुमच्या घरी, परवा आमच्या गच्चीवर, आणि शिकवायला आई-बाबा, आजी-आजोबाच. काहींना पुढेही मुलांना शाळेबाहेरच शिकवायचं असतं, काहींना फक्त तीन-साडेतीन वर्षांपर्यंत. शिक्षण हक्क कायदा 2009 हा सहा ते चौदा वयोगटाचा आहे, आणि राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मधला पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या वयाला ना अभ्यासक्रमाचं बंधन, ना हजेरीचं. ही मोकळीक पालकांनी अक्षर-अंकांची घाई करण्यात घालवू नये.

आपल्याकडे हे झालेलं आहे

असा गट करणाऱ्यांना अनेकदा वाटतं की ही कल्पना परदेशातून आली. परदेशात तिची चांगली उदाहरणं आहेतच. न्यूझीलंडमध्ये 1941 साली, महायुद्धाच्या काळात, वेलिंग्टनच्या कारोरी भागात आयांनी मिळून पहिलं ‘प्लेसेंटर’ सुरू केलं. मुलांना खेळायला सोबत मिळावी आणि एकट्याने घर ओढणाऱ्या आयांना थोडी उसंत मिळावी, हा त्यामागचा हेतू. पालकांनीच चालवायची ही केंद्रं तिथे आजही आहेत, आणि पाणी, वाळू, कणीक, सुतारकाम, कपडे घालून सोंग आणणं अशा खेळांचे वेगवेगळे कोपरे ही त्यांची ओळख आहे.

पण आपल्या मातीतही याचं मोठं काम झालं आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केलं. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या विचारांनी भारावलेल्या गिजुभाईंना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 साली ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आज पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या, आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी विलायती साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे हीच साधनं झाली. ताराबाईंची ती अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोचली.

खेळगटाने या कामातून एक गोष्ट घ्यावी. मुलाच्या भोवती जे आहे तेच त्याचं साधन, आणि मूल जिथे आहे तिथेच त्याची शाळा.

गटाची घडी

चार ते सहा मुलं पुरेत. दोन मुलांमागे एक मोठं माणूस असावं. सहा मुलं आणि दोन मोठी असा हिशोब या वयात टिकत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, प्रत्येक वेळी दीड ते दोन तास, आणि तेही सकाळी. दुपारच्या झोपेच्या वेळेशी भांडून कुठलाही उपक्रम जमत नाही. घर पाळीपाळीने बदललं तरी दिवसाचा क्रम बदलू नये, कारण मुलाला घड्याळ कळत नसलं तरी ‘यानंतर ते’ हे पक्कं कळतं. आल्यावर हातपाय धुणं, मग मोकळा खेळ, मग खाऊ, मग बाहेर फेरी किंवा गच्ची, शेवटी गाणी आणि एक गोष्ट, आणि आवराआवर. एवढं वेळापत्रक पुष्कळ झालं.

मोठ्यांनी कामं वाटून घ्यावीत. एकीने त्या दिवशीची मांडणी करायची, एकाने खाऊ सांभाळायचा, आणि एका व्यक्तीने फक्त बघायचं. ही तिसरी व्यक्ती फार महत्त्वाची. सुरक्षिततेसाठी ती हवीच, शिवाय कोणतं मूल कशात रमलं हेही तिलाच दिसतं. आपल्या मुलाकडे आपण नेहमी काळजीच्या नजरेने पाहतो. शेजारची मावशी त्याच मुलाकडे कुतूहलाने पाहू शकते. एकेकट्या घराला न मिळणारी ही गोष्ट गटाला मिळते.

एका दिवशी मांडणी दोन-तीन गोष्टींचीच असावी, आणि त्याच गोष्टी दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा ठेवाव्यात. रोज नवं द्यायला हवं, ही मोठ्यांची समजूत आहे. मूल पहिल्या दिवशी वस्तू हाताळतं, दुसऱ्या दिवशी तिच्याशी ओळख करतं, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला तिचा स्वतःचा उपयोग शोधून काढतं. आपण तिसऱ्या दिवशीच ती वस्तू उचलून ठेवली, तर त्या शोधाची वेळच येत नाही.

हातांना काय हवंय ते बघा

ब्रिटनमधल्या अभ्यासक क्रिस अथी यांनी लहान मुलांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण करून 1990 मध्ये एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. मुलं काही ठरावीक प्रकारच्या हालचाली पुन्हा पुन्हा करत असतात आणि त्या हालचालींतूनच त्यांचे विचार आकार घेतात, हे त्यांचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या सिद्धांताचा आधार घेऊन केलेली ही मांडणी खेळगटाला फार उपयोगी पडते. ‘सोमवारी रंग, बुधवारी आकार’ असे विषय पाडण्यापेक्षा, आपल्या गटातल्या मुलांचे हात सध्या काय करू पाहत आहेत ते बघावं आणि त्या कामाला साजेसं सामान ठेवावं.

*भरणं आणि ओतणं.* परातीत चार बोटं पाणी, त्यात वाट्या, लोटी, चहाची गाळणी, स्पंजचा तुकडा. परातीखाली जुनी चादर. दीड वर्षाचं मूल आधी नुसते हात आपटेल, नंतर वाटीने वाटीत ओतेल, आणखी काही महिन्यांनी गाळणीतून पाणी का राहत नाही याने थबकेल. स्पंज पाण्यात बुडवून दुसऱ्या भांड्यात पिळणं हे तर बोटांसाठी उत्तम काम. पुढे पेन्सिल धरायला लागणारी ताकद इथे तयार होते. पाण्याऐवजी कोरडी, चाळलेली वाळू चालेल. कडधान्यं मात्र नकोत. हरभरा किंवा मूग मुलांच्या नाका-कानात सहज जातो.

ब्रिटनच्याच एलिनॉर गोल्डश्मीड यांनी एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी शोधक खेळाची सुंदर पद्धत सांगितली आहे. खेळणी ठेवायचीच नाहीत. रोजच्या वापरातल्या वस्तू भरपूर संख्येने आणि सोबत रिकामी भांडी. आपल्या घरात हे सगळं आहे: पडद्याच्या कड्या, लाकडी चमचे, मोठी झाकणं, नारळाच्या घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, धातूच्या बांगड्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, पत्र्याचे डबे. डब्यांच्या कडा बोटाने फिरवून तपासाव्यात. मोठ्या माणसाने जवळ बसायचं, पण बोलायचं नाही, दाखवायचं नाही, ‘शाब्बास’ही म्हणायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून वस्तू आपापल्या पिशवीत भरायच्या. भरणं हाही खेळच असल्यामुळे मुलं ते आवडीने करतात.

*वाहून नेणं.* नुकतं चालायला लागलेलं मूल रिकाम्या हाताने चालत नाही. त्याला जड ओझं उचलायला आवडतं, आणि तोल पक्का व्हायला तेच हवं असतं. एका टोपलीतले बटाटे दुसऱ्या खोलीतल्या टोपलीत न्यायचे. अर्धा किलो तांदळाची शिवलेली पिशवी एका मावशीकडून दुसऱ्या मावशीकडे पोचवायची. खोक्याला दोरी बांधली की गाडी झाली. त्यात बाहुली, चपला, वर्तमानपत्रं बसवून घरभर ओढायची. ‘दोन बटाटे दे’, ‘मोठा आण’ हे इथे आपोआप येतं, आणि संख्या व आकार यांचं पहिलं शिक्षण हातातल्या वजनातून होतं.

*फेकणं, ढकलणं, घरंगळवणं.* फेकणाऱ्या मुलाला ‘फेकू नको’ म्हणून थांबवता येत नाही. फेकायला योग्य वस्तू आणि जागा देता येते. मोज्यांचे गोळे, कागदाचे बोळे, कापडी चेंडू आणि समोर धुण्याची टोपली. फळी तिरकी लावून तिच्यावरून चेंडू, डबा, वाटी, लाटणं सोडायचं: काय घरंगळतं, काय घसरतं, काय जागचं हलत नाही. रिकाम्या बाटल्या रांगेत उभ्या करून चेंडूने पाडायच्या. यात पाडणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या पुन्हा उभ्या करणंही.

*उघडणं, मिटणं, जोडणं.* वेगवेगळे डबे आणि त्यांची झाकणं एका टोपलीत: दाबून बसणारी, फिरवून लागणारी, नुसती ठेवायची. कपड्यांचे चिमटे पातेल्याच्या कडेला लावायचे. उभ्या धरलेल्या लाटण्यात बांगड्या ओवायच्या. काचेच्या सोडून कुठल्याही चालतील. जुन्या शर्टाची मोठी बटणं, पर्सची चेन, चपलेचा पट्टा. माँटेसरींच्या शाळांत बटणं आणि नाड्यांच्या चौकटी असतात. आजोबांचा जुना कोट हीच कामगिरी बजावतो.

*लपणं, झाकणं, गुंडाळणं.* टेबलावरून साडी सोडली की आत घर तयार होतं. बाहुलीला ओढणीत गुंडाळायचं, वाटीखाली लिंबू लपवून शोधायचं, आणि पुन्हा पुन्हा बुवा-कुक. डोळ्यांआड झालेली वस्तू असतेच, ती परत येते, ही खात्री या खेळांतून घट्ट होते. आई कामाला गेली तरी संध्याकाळी येणार, या विश्वासाचाही तो पाया आहे. ज्या मुलाला आईपासून दूर होणं जड जातं, त्याच्यासाठी हा खेळ जरूर ठेवावा.

घरकाम हा सगळ्यात मोठा उपक्रम

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरिएट ऱ्हाइनगोल्ड यांनी 1982 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड, दोन आणि अडीच वर्षांच्या मुलांसमोर मोठ्यांनी घरातली साधी कामं केली: झाडणं, आवरणं, कपडे घडी करणं. कुणी न सांगता बहुतेक मुलं त्या कामांत हात घालू लागली, आपल्या पालकांनाच काय, अनोळखी माणसालाही मदत करू लागली. आपल्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. पोळ्या करताना कणकेचा गोळा मागणारं मूल त्यांनी रोज पाहिलेलं आहे.

खेळगटात हे ठरवून करता येतं. मेथी आणि कोथिंबीर निवडणं: देठ इकडे, पानं तिकडे. बोथट सुरीने केळं कापणं. उकडलेलं रताळं कुस्करणं. छोटं लाटणं घेऊन कणीक लाटणं. मोठ्यांसोबत ओले रुमाल पिळून खालच्या दोरीवर वाळत घालणं. रोपांना छोट्या लोटीने पाणी घालणं. चपलांच्या जोड्या लावणं. खाऊच्या वेळी प्रत्येकाच्या पुढे एकेक वाटी ठेवणं. एकास एक जुळवणी ही गणिताची पहिली पायरी इथेच चढली जाते.

यासाठी दोन गोष्टी हव्यात: मुलाच्या हाताला पेलेल एवढी खरी वस्तू, आणि वेळ. मुलाने निवडलेली मेथी आपण त्याच्यासमोर पुन्हा निवडू नये. त्याने सांडलेलं पाणी त्यानेच पुसायला हातात फडकं द्यावं. त्यात शिक्षा नाही, कामाचाच तो पुढचा भाग. दोन वर्षांच्या वयात ‘तू राहू दे, मला उशीर होतोय’ असं वर्षभर ऐकलेलं मूल आठव्या वर्षी मदतीला येत नाही, म्हणून आपण हळहळतो. गटात सकाळचे दोन तास याच कामासाठी राखलेले असतात, त्यामुळे तिथे घाई नसते. एकट्या घरापेक्षा हे इथे जास्त चांगलं जमतं.

रंग, कणीक, माती

रंगकामासाठी रंगच लागतो असं नाही. भिंत रंगवायचा रुंद ब्रश आणि पाण्याचा डबा देऊन गच्चीची भिंत किंवा अंगणातली फरशी ‘रंगवायला’ द्यावी. ओली जागा गडद दिसते, उन्हात पुसट होत जाते, आणि मूल पुन्हा सुरुवात करतं. रंग द्यायचाच तर हळद, बीट, पालक यांचा रस जुन्या वर्तमानपत्रावर. अर्धी कापलेली भेंडी बुडवून ठसा उमटवला की फूल उमटतं. मुलाने काय काढलं ते विचारू नये. या वयात चित्र ‘कशाचं’ नसतं, हात फिरल्याची ती खूण असते.

कणकेच्या गोळ्यात टिकण्यासाठी खूप मीठ घालायची कृती सगळीकडे सांगितली जाते. जे मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं त्याच्यासाठी ती नको. जास्त मीठ पोटात जाणं धोक्याचं. साधी कणीक, थोडं तेल, चिमूटभर हळद. त्या दिवशी वापरावी आणि नंतर गाईला घालावी. कागद फाडणं हाही पूर्ण उपक्रम आहे: दोन्ही हात उलट दिशांना चालवण्याची कसरत, सुंदर आवाज, आणि शेवटी तुकड्यांचा डोंगर टोपलीत भरायचं काम.

माती ऋतूप्रमाणे बदलते, तसा गटही बदलावा. गणपतीच्या आधी शाडूच्या मातीचा ओला गोळा; मूर्ती करायला लावू नये, थापू द्यावं, बोटं खुपसू द्यावीत. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी ब्रशने घासून धुवायच्या, वाळवायच्या, आणि पावसाच्या तोंडाला कुंडीत पेरायच्या. काही आठवड्यांनी तांबूस कोवळी पानं वर येतात, आणि ज्या मुलाने कोय घासली ते रोज कुंडीपाशी जाऊन बघतं. पावसाळ्यात छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज, गच्चीवरच्या स्वच्छ डबक्यात उड्या, पानाची होडी. रस्त्यावर साचलेलं पाणी मात्र टाळावं. लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे. हिवाळ्यात पडलेली पानं गोळा करून लहान-मोठी, कोरडी-ओली अशी मांडायची.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करायला हवी, एक वर्षाच्या मुलाने टीव्ही-मोबाइलचा पडदा पाहूच नये आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. खेळगटाच्या वेळेत मोठ्यांचेही फोन एका टोपलीत राहिले, तर या सल्ल्यातला मोठा भाग तिथेच पाळला जातो.

बोलणं, गाणी, गोष्टी

भाषेचा वेगळा तास नको. मूल जे करतंय त्याला शब्द द्यावेत: ‘बटाटा जड आहे’, ‘पाणी सांडलं’, ‘आता रिकामी झाली वाटी’. प्रश्नांचा भडिमार करू नये. ‘हा कुठला रंग? हे किती?’ ही तोंडी परीक्षा मुलाला खेळातून बाहेर काढते. बोलून झाल्यावर थांबावं. लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

बडबडगीतं, बोटांची गाणी, मांडीवरची झुलण्याची गाणी, काऊ-चिऊची गोष्ट हे आपलं धन आहे. या सगळ्यांत तीच ओळ परत परत येते, आणि पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मुलाचा आनंद असतो. म्हणून आठवड्याला नवी गोष्ट नको. एकच गोष्ट महिनाभर सांगावी, थोड्या दिवसांनी शेवटचा शब्द मुलांवर सोडावा. गटातल्या एका घरी मालवणी, दुसऱ्या घरी अहिराणी, तिसऱ्या घरी कन्नड बोलली जात असेल, तर प्रत्येकाने आपल्या भाषेतलं एक गाणं आणावं. मुलं यात गोंधळत नाहीत.

दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं दोन शब्द जोडू लागतात. आपलं मूल हाकेला ओ देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, किंवा आधी येणारे शब्द गेले, असं वाटलं तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटावं आणि कान तपासून घ्यावेत. गटातल्या दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं तर तिने ते आईशी एकट्यात, मायेने बोलावं. सगळ्यांसमोर तुलना करू नये.

‘माझं’ म्हणजे भांडण नव्हे

अमेरिकेतल्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळण्याच्या पद्धतींचं वर्गीकरण केलं. एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि पुढे मिळून खेळणं. दोन वर्षांची मुलं बहुतांशी शेजारी-शेजारी खेळतात. एकमेकांकडे बघतात, नक्कल करतात, पण वाटून घेण्याचं वय अजून आलेलं नसतं. म्हणून गटात एकच सुंदर खेळणं ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. सहा साध्या वाट्या ठेवाव्यात. एखादं मूल आईच्या मांडीवर बसून तासभर बघतच राहिलं, तर तेही गटात पूर्ण सामील आहे असं समजावं.

ढकलणं, ओढणं, चावणं होणारच. आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्यावं. मग चावणाऱ्याला थोडक्यात सांगावं: ‘चावायचं नाही. त्याला दुखलं.’ जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणायला लावू नये. त्याऐवजी ओलं फडकं आणायला सांगावं. असं झाल्यावर सगळ्या घरांनी कसं वागायचं हे गट सुरू होतानाच बोलून ठेवावं, म्हणजे दोन आयांमध्ये गैरसमज होत नाहीत. कुठल्याही मुलाला ‘चावरा’, ‘रडका’ अशी नावं पडू देऊ नयेत.

डोळ्यात तेल घालून

मोकळा खेळ द्यायचा तर जागा आधी पारखून घ्यावी लागते. तीन-सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी चुंबकं घरात कुठे आहेत ते शोधून बंद ठेवावीत. बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही मोठी इजा होऊ शकते. पाणी खेळून झालं की लगेच ओतून द्यावं. बुडायला पाच सेंटीमीटर पाणीही पुरतं, आणि भरलेल्या बादलीशी मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटली तर दृष्टी जाऊ शकते.

बिया-फुलं गोळा करताना गुंज, एरंड, मोगली एरंड, कण्हेर आणि धोत्रा ओळखता यायला हवेत; गुंजेचा लाल-काळा दाणा सगळ्यात देखणा आणि तितकाच विषारी. खाऊत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्षं उभी कापून द्यावीत. घशात काही अडकलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण गटातल्या किमान दोघांनी घ्यावं.

एक वही आणि एक उघडं दार

प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान ठेवावं. तारीख आणि दोन ओळी: ‘आज फक्त झाकणं लावली.’ ‘स्पंज पिळायला जमला, दहा वेळा केलं.’ महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी मिळून वही वाचावी आणि पुढच्या महिन्याची मांडणी त्यावरून ठरवावी. कल्पना कमी पडल्या, तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी काढलेल्या ‘नवचेतना’ या आराखड्यात महिन्यांनुसार दिलेल्या 140 कृती आहेत. पण वहीतली नोंद ही त्याहून जवळची वाटाडी, कारण ती आपल्याच मुलांची आहे.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या लेखातल्या एकाही उपक्रमाला विकत घ्यावं लागणारं साधन लागत नाही. याचा अर्थ, गटाचं दार लहान ठेवायला पैशाचं कारण उरत नाही. घरी कामाला येणाऱ्या ताईंचं दोन वर्षांचं मूल, इमारतीच्या रखवालदाराचं मूल, समोरच्या बांधकामावरचं मूल यांना त्याच परातीत हात घालू द्यावेत, त्यांच्या आईचं गाणं इतरांनी शिकावं, आणि त्यांच्यासाठी खाऊची एक वाटी जास्त ठेवावी. ताराबाई आणि अनुताई बालशिक्षण ज्यांच्या अंगणात घेऊन गेल्या ती मुलं अशीच होती. आपला खेळगट चार घरांनी सुरू होवो, पण पाचवं घर कुणाचं असावं हे पहिल्या महिन्यातच ठरवावं, आणि निमंत्रण द्यायला स्वतः जावं.